युन बाईंचा चौरंग

पत्नी जयवंती गेल्यापासून पद्माकर खानोलकर स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून जेवायचे. कुकरमधला भात ताटलीत काढायचा, वर वरण ओतायचं, चार घास पोटात ढकलायचे आणि ताटली तिथेच नळाखाली धरायची. हॉलमधल्या टेबलाशी बसलं तर समोरची खुर्ची दिसायची. ओट्यासमोर नुसत्या पांढऱ्या टाइल्स होत्या. त्यांच्याकडे बघत जेवण पटकन उरकायचं.

मंगळवारी दुपारी असेच ताटली धूत असताना फोन वाजला. युन बाईंचा होता. युन बाई म्हणजे जयवंतीच्या कोरियन भाषेच्या शिक्षिका. साठीच्या आसपासच्या, इथे सिंगापुरातच सेरंगूनला एकट्या राहणाऱ्या, बोलायला कमी. जयवंतीच्या आजारपणात दर आठवड्याला येऊन बसायच्या. ती गेल्यावर दोनदा आल्या, मग येणं थांबलं. खानोलकरांनीही बोलावलं नाही. त्यांना कोणाशीही बोलायचा कंटाळा आला होता.

“मिस्टर पद्माकर,” युन बाई इंग्रजीत म्हणाल्या, “माझी सांग तुमच्याकडे आहे ना अजून?”

खानोलकरांनी हॉलच्या कोपऱ्याकडे पाहिलं. बाल्कनीच्या दाराशेजारी एक बुटका, काळपट तपकिरी चौरंग होता. त्यावर पांढरं कापड, कापडावर जयवंतीचा फोटो, फोटोपुढे समई. बाई ज्याला सांग म्हणत होत्या तो हाच.

“आहे,” ते म्हणाले.

“शनिवारी माझ्या आईच्या श्राद्धाचा दिवस आहे. दरवर्षी भाऊ करतो, तिकडे कोरियात, तेगूला. या वर्षी त्यानं कळवलं, आता झेपत नाही, बंद करतो. मग मी म्हटलं, मी इथे करीन. सांग आईच्या घरातली आहे, मी इकडे आणेपर्यंत आईचा दिवस तिच्यावरच व्हायचा. एक दिवसापुरती मिळाली तर बरं होईल. मी येऊन घेऊन जाते. पाय मिटले की काखेत मावते.”

“नको, नको. मीच आणून देतो,” खानोलकर घाईघाईनं म्हणाले. “शनिवारी सकाळी.”

फोन ठेवून ते खाली बसले. चौरंग उसना आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. बाईंनी दिला म्हणजे दिला, असं ते धरून चालले होते. आणि आता त्याचे पाय मिटणार नव्हते. खानोलकरांनी त्याला बोल्ट मारले होते.

खानोलकरांची उभी हयात जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली होती. मालवणचा मुलगा, समुद्राचं नवल नव्हतं, पण समुद्राची भीती त्यांना जहाजावरच कळली. दर्या खवळला की जे बांधलेलं नाही ते माणसाच्या अंगावर येतं. एकदा सुट्या राहिलेल्या हत्यारांच्या पेटीनं त्यांच्यादेखत एका फिटरचा पाय मोडला. तेव्हापासून त्यांना सुटी वस्तू बघवत नसे. बिशानच्या या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कपाटं भिंतीला जखडलेली होती, फ्रिजला पट्टा होता, देव्हाऱ्यालासुद्धा मागून दोन स्क्रू होते. जयवंती पाहुण्यांना सांगायची, “आमचं घर उलटं केलंत तरी चमचा पडायचा नाही. मी तेवढी सुटी आहे.”

तेरावा झाल्यावर त्यांची मुलगी जाई म्हणाली होती, “बाबा, आता आमच्याकडे चला. आईचा फोटो तिकडे छान लावू.” जाई रॅफल्स प्लेसला एका बँकेत होती, तिचा काँडोतला फ्लॅट मोठा होता, नवरा चांगला होता, हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. खानोलकर नुसतं ‘बघू’ म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी ड्रिल काढलं. चौरंगाचे मिटणारे पाय मिटू नयेत म्हणून वरून आरपार चार बोल्ट घातले, खाली पायांना पट्ट्या लावून त्या जमिनीत बसवल्या आणि वर कापड अंथरून फोटो ठेवला. वर्षश्राद्ध होईपर्यंत हा फोटो इथून हलणार नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. दुसरा कोणी मनाशी ठरवून थांबला असता. खानोलकरांचं ठरवणं बोल्ट मारल्याशिवाय पुरं होत नसे.

वर्षश्राद्धाला अजून महिना होता. शनिवार चार दिवसांवर.

सांग हा शब्द त्यांना जयवंतीमुळे माहीत होता. त्यांनी काही शिकायचं कबूल केलं नव्हतं. ते जेवत असायचे आणि ती बोलत असायची. कोरियन मालिका बघता बघता तिला ती भाषा शिकायचं वेड लागलं आणि कम्युनिटी क्लबात युन बाईंचा वर्ग मिळाला. वर्ग झाला की त्या रात्रीच्या जेवणात ताटात काय आहे यापेक्षा वर्गात काय झालं तेच जास्त असायचं.

“अहो, आजचा शब्द सांग.”

“मी काय सांगू?”

“शब्दच सांग आहे. सांग म्हणजे बुटकं टेबल, जेवायचं. सांग म्हणजे बक्षीस. आणि सांग म्हणजे मूर्ती, प्रतिमा.”

“एकाच शब्दाला इतकी कामं? पगार वेगळा देतात का?”

“एक शब्द नाहीच तो. वेगवेगळे आहेत, ऐकायला फक्त सारखे. आपल्याकडे संस्कृतातून शब्द आले ना, तसे त्यांच्याकडे चिनीतून आले. तिकडे प्रत्येकाचं अक्षर निराळं आणि उच्चारही थोडे निराळे. कोरियात येऊन सगळ्यांचा उच्चार सांग झाला. पुढे त्यांनी स्वतःची लिपी केली, तर आता लिहायलाही एकच.”

“मग कुठला तो ओळखायचा कसा?”

“पुढे काय येतं ते बघायचं. सांग मांडली, तर टेबल. सांग मिळाली, तर बक्षीस. पण कोणी वाढलेलं टेबल आपल्यापुढे आणून ठेवलं, तरी सांग मिळालीच म्हणतात.”

“आणि ती बाई कशी झाली? मांडली, मिळाली?”

“त्यांच्यात लिंग नसतं. माझ्या तोंडात आली आणि बाई झाली.”

दुसऱ्या दिवशी तिनं टेबलवाल्या सांगचं चिनी अक्षर कागदावर काढलं आणि लिफ्टमध्ये शेजारच्या मिसेस कोह यांना दाखवलं. त्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या, “टेबल कसलं? बेड लाह.” जयवंती हसत घरात आली. एकच अक्षर, चिनी लोक त्यावर झोपतात आणि कोरियन लोक जेवतात, हे तिनं जाईला फोन करून सांगितलं, मालवणला बहिणीलाही सांगितलं.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. औषधांनी ती इतकी खचली की टेबलाशी येऊन बसणंही होईना. तेव्हा युन बाई हा चौरंग घेऊन आल्या. पलंगावर जयवंतीच्या मांडीवरून आडवा ठेवला तर बरोबर बसायचा. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “बघा, चिनी अर्थावर कोरियन अर्थ ठेवलाय.” खानोलकर पेजेची वाटी घेऊन कडेला बसायचे. ती दोन चमचे घ्यायची, कधी तीन, मग चौरंग हातानं पुढे ढकलायची. “सांग मागे सारली म्हणजे जेवण झालं. असं म्हणतात त्यांच्यात.” शेवटी शेवटी ती तो पेज यायच्या आधीच ढकलायची.

बुधवारी खानोलकरांनी काहीच केलं नाही. चौरंगासमोर खुर्ची घेऊन बसले आणि उठले. गुरुवारी दुपारी जाईचा फोन आला. रोज जेवणाच्या सुट्टीत यायचा.

“बाबा, जेवलात?”

“जेवलो.”

“उभ्यानं?”

“कोणी सांगितलं तुला?”

“मला नळ ऐकू येतो ना. हॅलो म्हणायच्या आधी नळ.”

खानोलकरांनी विषय बदलायला म्हणून चौरंगाचं सांगितलं.

“बाबा, तुम्ही त्याला भोकं पाडली? तो आपला नाहीये.”

“तेव्हा माहीत नव्हतं.”

“कॅनॉट लाह, बाबा. मी ऑनलाइन नवीन बघते. मिळतात तसले. उद्यापर्यंत येईल.”

“बाईंच्या आईचा आहे तो. नव्यावर त्यांची आई बसणार नाही.”

“आणि आईचा फोटो?”

“तेच बघतोय.”

“शनिवारपर्यंत माझ्याकडे आणा तिला. प्लीज. तुम्हीपण या.”

“ती इथेच राहील,” खानोलकर म्हणाले. मग जरा वेळानं म्हणाले, “मला वेळ लागतोय, जाई. राग मानू नकोस.”

फोन ठेवल्यावर त्यांनी समई उचलून देव्हाऱ्यात ठेवली. फोटो उचलला आणि हातात धरून घरभर हिंडले. फ्रिजवर नको वाटलं. सोफ्यावर तर पाहुणी आल्यासारखी दिसली. बेडरूममध्ये ठेवायची त्यांची छाती झाली नाही. शेवटी जेवणाच्या टेबलावर, तिच्या खुर्चीसमोर, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. तात्पुरता, ते स्वतःशी म्हणाले.

जमिनीतल्या पट्ट्या निघाल्या. बोल्ट निघेनात. सैल होऊ नयेत म्हणून आट्यांना घट्ट धरणारा डिंक त्यांनीच लावला होता, इंजिनवर लावतात तसला. तो गरम केल्याशिवाय सोडत नाही. घरात गरम हवेचं दुसरं काही नव्हतं, म्हणून कपाटातून जयवंतीचा हेअर ड्रायर काढला. औषधं सुरू झाल्यावर तिला त्याची गरज उरली नव्हती. बटण दाबलं तसा आधी तिच्या केसांच्या तेलाचा वास आला. खानोलकर ड्रायर बोल्टवर धरून बसून राहिले. वास थोडाच वेळ टिकला, मग नुसती गरम हवा येऊ लागली. पहिला बोल्ट फिरला तेव्हा त्यांच्या मनगटात कळ आली. बाकीचे तीन काढायला संध्याकाळ झाली.

कापड काढल्यावर चौरंग पहिल्यांदा नीट दिसला. लाखेचा जुना, खोल रंग, आणि कडेला शिंपल्याच्या तुकड्यांनी जडवलेली दोन लांब पायांची पाखरं. एक भोक एका पाखराच्या पायातूनच गेलं होतं. खानोलकरांनी त्यावरून अंगठा फिरवला. इंजिनात असं काम कोणी ज्युनिअरनं केलं असतं तर त्यांनी त्याला डेकवर उभं केलं असतं.

भोकं बुजवायला चांगलं, मुरलेलं लाकूड हवं होतं. ओट्याखालच्या खणात जयवंतीचं तडा गेलेलं लाटणं पडलं होतं. “टाकू नका, अजून चार पोळ्या लाटता येतील त्यानं,” असं काहीतरी ती बोलायची आणि लाटणं तिथेच राहायचं. त्याच्या एका टोकापासून खानोलकरांनी चार खुंट्या कापल्या, पॉलिश पेपरनं घासून बेताच्या केल्या आणि शुक्रवारी सरस लावून ठोकून बसवल्या. जुळून आल्या, पण रंग फिका पडला. चार फिके ठिपके लपत नव्हते. रंग मारून लपवता आले असते. त्यांनी मारला नाही.

शनिवारी सकाळी चौरंग जयवंतीच्या एका सुती साडीत गुंडाळून ते एमआरटीनं निघाले. सेरंगून दोनच स्टेशनं, पण एका मुलीनं उठून जागा दिली. आपण इतके थकलेले दिसतो हे त्यांना तेव्हा कळलं.

युन बाईंच्या घरात मुळ्याच्या आणि मांसाच्या रश्शाचा वास भरला होता. खानोलकरांनी दारातच सांगून टाकलं, “चौरंग खराब झालाय. माझ्या हातून.”

बाईंनी साडी सोडली. ठिपक्यांवरून बोट फिरवलं, एकेका ठिपक्यावरून, आणि पाखराच्या पायाशी थांबल्या.

“हे काय?”

“बोल्ट मारले होते. जहाजावर मारतात तसे.”

“का?”

“हलू नये म्हणून.”

“तुमचं घर हलतं?”

“नाही.”

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आतून भांडं विसळल्याचा आवाज आला. जावं की थांबावं हे खानोलकरांना कळेना. साडीची घडी घालून ते उभे राहिले. बाई ओलं फडकं घेऊन आल्या आणि चौरंग पुसू लागल्या.

“आई असती तर रागावली असती,” त्या न बघता म्हणाल्या. “मीही रागावले आहे. तुम्ही बसा.”

खानोलकर बसले.

“तिकडे हे रात्री करतात. पण मला संध्याकाळी वर्ग आहे, म्हणून मी आत्ताच करते. आई समजून घेईल. तिला दुसऱ्यांच्या वेळेनं चालायची सवय होती.”

त्यांनी आईचा फोटो मागच्या कडेला उभा केला आणि पुढे एकेक वाडगा मांडत गेल्या. मासा, तीन भाज्या, नाशपाती, चेस्टनट. तिखट नाही, लसूण नाही. भात आणि रस्सा ठेवताना त्या अडखळल्या आणि दोन्हींच्या जागा बदलल्या.

“जिवंत माणसाला भात डावीकडे, रस्सा उजवीकडे. गेलेल्याला उलट. तिकडे मांडतानाही माझं चुकायचं.”

“आमच्यातही उलटंच असतं,” खानोलकर म्हणाले. “पानाभोवती पाणी उलटं फिरवतात. लसूण आम्हालाही चालत नाही.”

बाईंनी घराचं दार किलकिलं उघडून ठेवलं, आई आत यावी म्हणून. जमिनीला कपाळ टेकवून दोनदा नमस्कार केला. मग दोघंही चौरंगासमोर बसून राहिले. बाहेर कॉरिडॉरमध्ये कोणाची तरी सायकल जाऊन आली. खानोलकरांचं लक्ष पुन्हा पुन्हा त्या ठिपक्यांकडे जात होतं. दोन ठिपके वाडग्यांखाली झाकले गेले होते, दोन दिसत होते.

“जयवंती मला सांगायची,” खानोलकर म्हणाले, “सांग म्हणजे टेबल, बक्षीस आणि मूर्ती. तीन.”

“आणि चौथा?”

“चौथा नाही सांगितला.”

युन बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “चौथा म्हणजे घरात माणूस गेल्यावरचं सुतक, दुःख. त्याचंही चिनी अक्षर वेगळं, उच्चार सांगच. कोणाचं माणूस गेलं की म्हणतात, त्यांच्यावर सांग आली. तिनं चारही एकाच दिवशी लिहून घेतले होते. परीक्षेत चारही बरोबर आले होते.”

जेवताना सांगायचा तो शब्द नव्हता. जयवंतीनं तो बाजूला ठेवला असणार, जसे ती भातातले खडे त्यांच्या ताटात येऊ द्यायची नाही.

बाईंनी दार लावून घेतलं. वाडगे उचलून पुन्हा नीट मांडले. आता भात डावीकडे होता. एक चमचा खानोलकरांपुढे ठेवला.

“मी जेवून आलोय,” ते सवयीनं म्हणाले.

“सकाळी दहाला? तुम्ही कुठे जेवता, मिस्टर पद्माकर? जयवंतीला काळजी असायची. म्हणायची, मी गेल्यावर हे बसून जेवणार नाहीत.”

“ओट्याशी. उभ्यानं.”

“म्हणजे तुम्ही माझी आई झालात,” बाई म्हणाल्या. “ही सांग माझ्या वडिलांची. घरातल्या मोठ्या पुरुषाला एकट्याची सांग मिळायची, तो मान असायचा. आई ती वाढून त्यांच्यापुढे नेऊन ठेवायची आणि स्वतः चुलीशी, पातेल्यातलंच, उभ्या उभ्या खायची. वडील गेल्यावर मी म्हटलं, आता तू बस. बसली नाही. सवय नाही म्हणाली. या टेबलावर ती पहिल्यांदा जेवली ती मेल्यावर. तेसुद्धा वर्षातून एकदा.” त्या भाताचा वाडगा त्यांच्याकडे सरकवत म्हणाल्या, “मला ते कधी आवडलं नाही. जेवा.”

खानोलकर मांडी घालून बसले. गुडघे कुरकुरले. रश्शाला मीठ कमी होतं, मुळा मऊ शिजला होता. दोघं एकाच चौरंगाच्या दोन बाजूंना बसून जेवली. बाईंनी माशातला काटा काढून तुकडा त्यांच्या भातावर ठेवला, तो त्यांनी खाल्ला.

निघताना बाई म्हणाल्या, “सांग घेऊन जा. महिन्यानं तुम्हाला जयवंतीसाठी लागेल.”

“नको. पुढच्या वर्षी आईला लागेल,” खानोलकर म्हणाले. “भोकं बुजवलेली आहेत जयवंतीच्या लाटण्यानं. लाकूड चांगलं आहे, सुटणार नाही.”

बाईंनी परत एकदा ठिपक्यांकडे पाहिलं. “मग वर्षश्राद्धाला मी येईन,” त्या म्हणाल्या. “मला काय आणायचं ते सांगा. लसूण नको, तेवढं कळलं.”

घरी येईपर्यंत दुपार झाली होती. हॉलच्या कोपऱ्यात जमिनीला चार भोकं आणि भोवती पांढरी धूळ होती. ती त्यांनी झाडून घेतली. फोटो टेबलावर तांब्याला टेकलेला होता तसाच होता. तो परत कुठे न्यायचा याचा विचार करायचीही त्यांच्यात ताकद नव्हती. ते खुर्चीवर बसले, जरा वेळ डोळे मिटून राहिले.

संध्याकाळी त्यांनी कुकर लावला. वरण गरम केलं. ताटली घेऊन ओट्याशी उभे राहिले, नळाकडे पाहिलं, आणि ताटली घेऊन हॉलमध्ये आले. टेबलावर तांब्या, फोटो, जाईनं आणून दिलेली औषधं, न उघडलेली पत्रं, सगळं पसरलेलं होतं. खानोलकरांनी पत्रं उचलून खुर्चीवर टाकली. मग एका हातानं जयवंतीचा फोटो धरून थोडा डावीकडे सरकवला. ताटली ठेवायला जागा हवी होती.